कामं भरपूर आहेत, पण बिलं कधी निघतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले एक वाचक. वय 56, एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात नोकरी, दोन वर्षांनी निवृत्ती. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा भावंडांनी मिळून नुकताच विकला. त्यांच्या वाट्याला 18 लाख आले. त्यातले 15 लाख एकाच कंपनीच्या शेअरमध्ये दहा वर्षांसाठी घालावेत असं त्यांच्या मनात आहे. कंपनी रस्ते-पूल बांधते, शिवाय तयार महामार्गांची देखभाल आणि टोलनाके चालवायची कामंही घेते. (नाव त्यांनी कळवलं आहे, ते इथे देत नाही.) बहिणीच्या यजमानांचे तीन टिपर याच कंपनीकडे लागलेले आहेत. पूर्वी ते खनिज वाहायचे.

ते लिहितात: "कंपनीचं काम मी रोज डोळ्यांनी पाहतो. तीन वर्षं पुरतील एवढ्या ऑर्डरी हातात आहेत. गिऱ्हाईक सरकार, त्यामुळे पैसे बुडायची भीती नाही. शेअर गेल्या वर्षीच्या भावापेक्षा चाळीस टक्के खाली मिळतोय. मेहुण्यांची बिलं चार-पाच महिने अडकतात खरी, पण काम कधी बंद पडत नाही. आता महाराष्ट्रात मोठी ऑर्डर मिळणार असं कॅम्पवर बोलतात, अजून जाहीर झालेलं नाही. पत्नी म्हणते, सगळे पैसे आमच्या नेहमीच्या सहकारी बँकेत ठेवा. पुण्यातला मुलगा इंडेक्स फंड म्हणतो. कोणाचं ऐकू?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकून पुढे गेलात. मेहुण्यांची बिलं चार-पाच महिने अडकतात. ऑर्डरी, सरकारी गिऱ्हाईक, उतरलेला भाव हे सगळं टीव्हीवर कोणीही सांगेल. बिलांचं मात्र तुम्हाला घरातून कळलं, आणि नेमकं तेच तुम्ही 'खरी, पण' म्हणून बाजूला सारलंत.

बिलं अडकायची कारणं ढोबळमानाने दोन. एक तर कंपनीलाच वरून पैसे वेळेवर मिळत नाहीत आणि ती ओढाताण खाली पोटठेकेदारापर्यंत उतरते. नाहीतर कंपनीला पैसे मिळतात, पण बँकेकडून व्याजाने घेण्यापेक्षा टिपरवाल्याचे पैसे बिनव्याजी वापरणं तिला परवडतं. पहिलं असेल तर कंपनी अडचणीत आहे. दुसरं असेल तर ती आज अडचणीत नसेलही, पण जी मंडळी पोटठेकेदाराला असं वागवतात ती लहान भागधारकाला वेगळं वागवतील असं मला वाटत नाही.

आता एका साइटवरून सगळ्या कंपनीची परीक्षा करू नये, हेही खरं. एखादा प्रोजेक्ट मॅनेजर बिलं दाबून ठेवणारा असतो, एखाद्या कामात मोजमापावरून वाद असतो. म्हणून ऐकलेलं ताळेबंदाशी ताडून पाहायचं. त्याची सोय आहे. 2021-22 पासून कंपन्यांना वार्षिक अहवालात येणी आणि देणी किती जुनी आहेत ते वयोमानाने दाखवावं लागतं: सहा महिन्यांच्या आतली येणी किती, एक वर्षावरची किती, तीन वर्षांवरची किती, त्यातली वादातली किती. देण्यांमध्ये सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकबाकी वेगळ्या ओळीत असते. मेहुण्यांनी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली असेल तर त्यांचं बिल त्या ओळीत दिसायला हवं. नसेल केली तर आधी करायला सांगा. नोंदणी असलेल्या लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, आणि त्यापुढे थकवले तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. ओळखीतल्या कोणाचेही टिपर, जेसीबी किंवा मजूर अशा कामावर असले तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

'काम डोळ्यांनी पाहतो' या तुमच्या मुद्द्याबद्दल. तुम्ही पाहता तो रस्ता. शेअर घेणारा रस्ता विकत घेत नाही. सगळ्यांचे पैसे देऊन झाल्यावर जे उरेल त्यातला वाटा तो घेतो. डिझेल, डांबर, सिमेंट, पगार, यंत्रांचे हप्ते, बँकेचं व्याज, कर, आणि मग तो. कंपनी बुडाली तर दिवाळखोरी कायद्यात भागधारक सगळ्यात शेवटी उभा असतो. म्हणजे तुमचे मेहुणे त्या रांगेत तुमच्या पुढे असतील.

देशात रस्ते होत राहतील, यात शंका नाही. पण 2007-08 च्या तेजीत लोकांनी याच भरवशावर पायाभूत क्षेत्रातले शेअर घेतले होते. लँको इन्फ्राटेक, आयव्हीआरसीएल, पुंज लॉईड ही तेव्हाची मोठी नावं. तिन्ही पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि लिक्विडेशनपर्यंत, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्यापर्यंत, पोहोचली. त्या दशकात देशातले रस्ते थांबले नाहीत, उलट वाढले. काम वाढत गेलं आणि ते करणाऱ्यांपैकी काही संपले. कारणं साधी होती: कमी दराने निविदा भरायच्या, कर्ज काढून कामं उचलायची, आणि पैसे यायला उशीर झाला की पुढच्या कामाच्या आगाऊ रकमेतून मागचं काम भागवायचं. आणि लार्सन अँड टुब्रो त्याच बाजारात टिकली, वाढली. पणजीतला अटल सेतू तिनेच बांधला, 2019 मध्ये. म्हणजे हे सगळं क्षेत्रच वाईट असं मी म्हणत नाही. इथे कंपनी-कंपनीत फार अंतर असतं, आणि पुलाच्या खांबाकडे पाहून ते ओळखता येत नाही.

ऑर्डर बुकचं घ्या. तीन वर्षांचं काम हातात, हे ऐकायला भक्कम वाटतं. पण ऑर्डर म्हणजे काम करण्याची जबाबदारी. नफा तिच्यात गृहीत धरता येत नाही. वर्षाला हजार कोटींचं काम करणाऱ्या कंपनीला सगळं वजा जाता समजा चाळीस कोटी उरतात. निविदा भरताना तीन-चार टक्के हात आखडता घेतला, किंवा भाववाढीचं कलम सगळ्या खर्चाला लागू नसलं आणि डांबर महागलं, की ते चाळीस कोटी गेले. मग ऑर्डरी जितक्या जास्त तितका तोटा जास्त.

शिवाय ऑर्डर मिळणं आणि काम सुरू होणं यातही अंतर असतं. गोव्यात राहून हे आपण पाहिलंच आहे. मोपा विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर 2016 मध्ये झाली. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, जानेवारी 2020 मध्ये वाट मोकळी झाली, आणि उद्घाटनाला डिसेंबर 2022 उजाडला. कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता मे 2022 मध्ये न्यायालयाने रद्द केली. जंगल वाचवणाऱ्यांची बाजू मला पटते, तो वाद इथे नको. पण ज्या ठेकेदाराने अशा कामासाठी यंत्रं आणून ठेवली, माणसं ठेवली, त्याचं व्याजाचं मीटर चालूच राहतं. म्हणून ऑर्डर बुकचा आकडा पाहिला की विचारायचं: यातल्या किती कामांची जमीन ताब्यात आहे, किती कामं प्रत्यक्ष सुरू आहेत, आणि 'सर्वात कमी बोली आमची' एवढ्यावरच किती कामं मोजली आहेत? कंपन्या दर तिमाहीला गुंतवणूकदारांसमोर जे सादरीकरण करतात त्यात हे बहुतेक वेळा असतं, शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतं.

आणि सरकार गिऱ्हाईक म्हणून पैसे बुडत नाहीत? बुडत नाहीत, बरेचदा अडकतात. या धंद्यात अडकणं आणि बुडणं यात फरक किती राहतो ते हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या उदाहरणावरून पाहा. वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये सुरू केलेली, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खणलेली, वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधलेली कंपनी. कामाच्या दर्जाबद्दल कोण काय बोलणार? पण तिचे मोठे पैसे सरकारी खात्यांशी चाललेल्या वादांत अडकून राहिले. लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल द्यायचा, खात्याने न्यायालयात जायचं, आणि नुसतं आव्हान दिलं की रकमेला आपोआप स्थगिती. ही आपोआप स्थगिती काढायला कंपनीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने ती चालू ठेवणारं लवाद कायद्यातलं कलम 87 रद्दबातल ठरवलं. तोवर बँकेचं व्याज कोणी स्थगित केलेलं नव्हतं.

तर मग पाहायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी एकच बेरीज करा. गेल्या दहा वर्षांचा निव्वळ नफा एका बाजूला मांडा, आणि कॅश फ्लोच्या पानावरची 'व्यवसायातून आलेली रोकड' दुसऱ्या बाजूला. दोन्हींची बेरीज करा. बांधकाम कंपनी काम जसजसं होईल तसतसं उत्पन्न दाखवते, बिल निघालं नसलं तरी. त्यामुळे नफा कागदावर दिसतो आणि पैसा वर्षभराने येतो, किंवा येतच नाही. एखाद्या वर्षी तफावत पडली तर काही बिघडत नाही. मार्चमध्ये बिल गेलं, एप्रिलमध्ये पैसे आले, असं चालतं. पण समजा दहा वर्षांत 500 कोटी नफा दाखवला आणि रोकड आली दीडशे कोटी, तर उरलेले साडेतीनशे कुठे आहेत याचं उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. उत्तर येण्यांमध्ये असेल. नसेल तर 'काँट्रॅक्ट अॅसेट्स' नावाच्या ओळीत असेल, म्हणजे काम झालंय पण बिल झालेलं नाही असा माल. काही जण फक्त येणी पाहून समाधान मानतात आणि ही ओळ सुटते. दोन्ही एकत्र धरूनच पाहा.

ताळेबंद एकत्रित घ्या, म्हणजे उपकंपन्यांसह. याचं कारण हायब्रिड अॅन्युइटी कामांत आहे. 2016 पासूनच्या या पद्धतीत महामार्ग प्राधिकरण 40 टक्के रक्कम बांधकाम चालू असताना देतं आणि उरलेले 60 टक्के पुढे पंधरा वर्षं सहामाही हप्त्यांनी, व्याजासह. तोपर्यंत पैसे कंपनीने उभे करायचे. हे कर्ज प्रत्येक रस्त्यासाठी काढलेल्या वेगळ्या उपकंपनीत बसतं. मूळ कंपनीचा एकटीचा ताळेबंद पाहिला तर कर्ज नाहीच असं वाटतं. त्याच जोडीला बँक हमी आणि वादातल्या रकमा किती आहेत तेही टिपांमध्ये शोधा.

देखभाल आणि टोलनाक्यांच्या कामाने तुम्हाला स्थैर्य दिसतंय, ते काही अंशी बरोबर आहे. देखभालीला यंत्रं कमी लागतात, पैसे नियमित येतात. टोलवसुलीच्या ठेक्यात मात्र कंपनी प्राधिकरणाला ठरावीक रक्कम द्यायची बोली लावते. वाहनं कमी आली तर तूट तिची. अहवालात विभागवार हिशेब असतो. नफ्यातला किती भाग सेवांचा आणि किती बांधकामाचा ते तिथून काढा. नऊ टक्के उत्पन्न सेवांचं आणि जाहिरातीत नव्वद टक्के जागा सेवांना, असंही असतं.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले शेअर तारण ठेवले आहेत का, ते दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात दिसतं. भाव पडला की सावकार ते तारण शेअर विकतो आणि भाव आणखी पडतो. प्रवर्तकांच्या घरच्या खासगी कंपन्यांशी किती व्यवहार आहेत हेही वाचा. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी डिसेंबर 2008 मध्ये मायटास या घरच्याच कंपन्या सत्यमच्या पैशाने घ्यायचा घाट घातला होता, तो फसला आणि महिन्याभरात सत्यमचे खोटे हिशेब उघडे पडले. त्यातली मायटास इन्फ्रा नंतर आयएल अँड एफएस या पायाभूत क्षेत्रातल्या वित्तसमूहाकडे गेली, आणि 2018 मध्ये तो समूहच कर्ज फेडू शकला नाही. ज्यांनी हा एकच शेअर 'दीर्घकालीन' म्हणून धरून ठेवला होता त्यांना दोनदा फटका बसला.

हे सगळं वाचायचा कंटाळा येत असेल तर निदान पतमानांकन संस्थेचं, म्हणजे कंपनीची कर्ज फेडायची ताकद जोखणाऱ्या संस्थेचं, टिपण वाचा. क्रिसिल, इक्रा, केअर या संस्था आपली कारणमीमांसा वेबसाइटवर विनामूल्य ठेवतात, तीन-चार पानांची असते. येणी किती दिवसांची, बँकेची मर्यादा किती वापरली, कुठलं काम रखडलं, हे त्यात सरळ लिहिलेलं सापडतं. ब्रोकरच्या अहवालापेक्षा मला हे जास्त विश्वासाचं वाटतं, कारण ते शेअर विकायला लिहिलेलं नसतं. पतमानांकनापुढे 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' (कंपनी माहिती देत नाही) असा शेरा दिसला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

चाळीस टक्के पडलेला शेअर स्वस्त असतोच असं नाही. गेल्या वर्षीचा भावच अवाजवी असू शकतो. आणि दहा वर्षांत कंपनीने नवे शेअर किती काढले ते पाहा. नफा दुप्पट झाला आणि शेअरांची संख्या तिप्पट झाली, तर तुमच्या एका शेअरच्या वाट्याला आधीपेक्षा कमीच आलं.

महाराष्ट्रातल्या ऑर्डरीची कॅम्पवरची चर्चा विसरून जा. ती अफवा असेल तर तिच्यावर पैसे लावण्यात अर्थ नाही. खरी असेल तर जाहीर न झालेल्या माहितीवर शेअर घेणं शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2015 च्या नियमांखाली गुन्हा ठरू शकतं. शिवाय माहिती कुठून आली हे विचारलं तर नाव मेहुण्यांचं येईल.

आता रक्कम. 15 लाख एका कंपनीत नकोत. उत्तम कंपनी निघाली तरी नकोत. डिचोलीत राहणाऱ्या माणसाला हे मी समजावून सांगायचं म्हणजे जरा धाडसच आहे. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक, बार्ज, गॅरेज, हॉटेल सगळे एका कागदावर अवलंबून होते हे एका दिवसात कळलं. पुन्हा सुरू झाल्या, आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. तुमच्या बहिणीचं घर आज या कंपनीवर चालतं. उद्या कंपनी अडखळली तर टिपर उभे राहतील, बहीण भावाकडेच येईल, आणि नेमक्या त्याच दिवशी भावाचे पैसेही तिथेच अडकलेले असतील. तुमचा पगार तेव्हा बंद झालेला असेल.

वरची सगळी तपासणी करून कंपनी पसंत पडलीच, तर दीड लाखापर्यंत घाला, तेही एकदम नको. तीन हप्ते करा, प्रत्येक वार्षिक निकालानंतर एक, आणि येणी वाढलेली दिसली तर पुढचा हप्ता रोखा. तपासणी करायला वेळ नसेल तर दीड लाखही नकोत.

मुलाचं म्हणणं मला बरंचसं पटतं. निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात, म्हणजे त्या निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे वाटणाऱ्या फंडात, लार्सन, पॉवर ग्रिड, एनटीपीसी, अल्ट्राटेक सिमेंट हे सगळं येतंच. म्हणजे देशाच्या बांधकामात तुमचा वाटा राहतो आणि कोणती कंपनी टिकेल हे तुम्हाला ओळखावं लागत नाही. सात वर्षं हात लावावा लागणार नाही अशी रक्कम, समजा पाच-सहा लाख, दोन वर्षांत विभागून तिथे जाऊ द्या. रस्त्यांचंच आकर्षण असेल तर इन्व्हिट नावाचा प्रकार आहे, तयार रस्ते बाळगणारा ट्रस्ट. त्याला वाटपायोग्य रोकडीतली किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावी लागते. त्यातही भाव उतरतो, पण बांधकामाची जोखीम खूपच कमी असते.

पत्नीचंही चुकत नाही, फक्त 'सगळे' आणि 'एकाच बँकेत' या दोन शब्दांपाशी थांबा. ठेवींना विमा एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंतच आहे. म्हापसा अर्बनचा परवाना 2020 मध्ये रद्द झाला आणि मडगाव अर्बनचा 2021 मध्ये, हे गोव्यातल्या ठेवीदारांना माहीत आहे. आठ-नऊ लाख दोन-तीन बँकांत आणि टपाल खात्यात वाटून ठेवा. निवृत्त झाल्यावर जी रक्कम हाती येईल ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालता येते. साठ पूर्ण नसलं तरी चालतं, मात्र पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. ही मुदत बरेच जण चुकवतात.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम तातडीचं आहे, पत्रात त्याचा उल्लेख नाही. जमीन विकल्यावर कराचं काय झालं? ग्रामीण भागातली शेतजमीन असेल तर कदाचित काहीच देणं लागणार नाही. नसेल तर तुमच्या वाट्याच्या नफ्यावर दीर्घकालीन भांडवली कर लागेल. तो वाचवायचा असेल तर आरईसी, पीएफसी यांसारख्या सरकारी कंपन्यांचे 54ईसी रोखे विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात, पैसे पाच वर्षं अडकतात. विक्रीखत कोणत्या तारखेला झालं ते पाहा, जितकी भावंडं वाटेकरी असाल तितकी मिळून एकाच सीएकडे जा, आणि त्याने सांगितलेली रक्कम बाजूला काढल्यावर अठरा लाखांतले किती खरोखर तुमचे आहेत ते मला पुन्हा लिहून कळवा.